वाहनसल्ला : खाऱ्या हवेतला जुना ट्रक आणि पत्र्यावरचा गंज

प्रश्न : मी रत्नागिरी तालुक्यात राहतो. जांभ्याचे चिरे आणि हंगामात आंब्याच्या पेट्या यांची वाहतूक करतो. गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून एक जुना सहाचाकी ट्रक घेतला. घेताना केबिन स्वच्छ होती. आता मात्र डाव्या मडगार्डवर, दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडेला आणि पुढच्या काचेच्या रबराखाली तांबूस डाग आले आहेत व काही ठिकाणी रंगाला फुगे धरले आहेत. सर्वांत मोठा डाग रुपयाच्या नाण्याएवढा आहे. गॅरेजवाले म्हणतात, घासून रेड ऑक्साइड मारू आणि वर रंग देऊ, एका दिवसाचे काम आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की गंज काळा करणारे औषध लावले की घासायचीही गरज नाही. पावसाळ्याआधी हे काम घरी करता येईल का?
– एक वाहनमालक, रत्नागिरी

उत्तर : नाण्याएवढे डाग घरी दुरुस्त करता येतात, अट एवढीच की ज्या दिवशी पत्रा उघडा कराल त्याच दिवशी तो प्रायमरखाली गेला पाहिजे. गॅरेजवाल्यांची पद्धत घाटावर काही वर्षे निभावून नेते, किनाऱ्यावर मात्र ती बहुधा एका पावसाळ्यात उघडी पडते आणि त्याचे कारण मीठ आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ रंगाच्या बारीक चिरांमधून पत्र्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे पाणावते, तसेच हे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून घेते, आणि समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलसर राहते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा आतून ओलाच असतो. शिवाय मिठातील क्लोराइड गंज तयार होताना खर्ची पडत नाही. ते खड्ड्याच्या तळाशी टिकून राहते आणि तिथला पत्रा खातच जाते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, म्हणून वरचा रंग उचलला जातो. आपल्याला दिसलेले फुगे ते हेच. फुग्याच्या कडेने रंग खरवडून पाहिलात तर खालचा गंज वरून दिसणाऱ्या डागापेक्षा बराच पसरलेला आढळेल.

पहिले काम म्हणजे गाडी धुऊन खरे डाग कोणते ते ठरवणे. चिऱ्यांची धूळ आणि गंज यांचा रंग जवळजवळ एकच असल्याने आपल्या धंद्यात या बाबतीत फसगत हमखास होते. साबणाच्या पाण्याने धुऊन पत्रा कोरडा केला की धुळीचा डाग निघून जातो. गंजाचा तसाच राहतो आणि बोटाला खरखरीत लागतो. धुण्याचे पाणी गोडे असावे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि अशा पाण्याने धुतलेली गाडी वाळली की तिच्यावर मिठाचा नवा थर बसलेला असतो. यानंतर प्रत्येक डागावर पेचकसाचे टोक टेकवून दाबून पाहावे. टोक टणक जागी थांबले तर गंज वरवरचा आहे किंवा फार तर खड्डे पडलेले आहेत. पत्रा कुरकुरून आत दबला किंवा टोक आरपार गेले, तर ते काम लांबी (खड्डे बुजवण्याचा लगदा) भरण्याचे नसून कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवण्याचे आहे. भोकावर लांबी थापून रंग देणारे कारागीर जागोजागी भेटतात. ती लांबी मागच्या बाजूने ओल पिते आणि भोकाच्या कडा आतल्या आत कुजत राहतात, हे मालकाला कळते तेव्हा नाण्याएवढ्या भोकाचे तळहाताएवढे झालेले असते.

सुरुवात मडगार्डपासून करावी, कारण तिथे हात बसला नाही तरी नुकसान थोडे. डागाच्या भोवतालची वीतभर जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसून तेल, ग्रीस आणि मेण काढून टाकावे. हे घासण्याच्या आधीच करायचे असते. नाहीतर पॉलिश पेपर तेच तेल पत्र्याच्या ओरखड्यांत भरतो. मग ८० नंबरच्या पेपरने फुगलेला सगळा रंग काढावा आणि गंजाची कड संपून चकचकीत पत्रा लागल्यावरही आणखी बोटभर पुढे जावे. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला की काम झटपट होते खरे, परंतु तो खड्ड्यांतल्या गंजावर नुसतीच चकाकी आणतो. ग्राइंडिंगची जाड चकती तर लावूच नये, कारण केबिनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. शेवटी १२० आणि २२० नंबरच्या पेपरने जुन्या रंगाच्या कडेला असा उतार द्यावा की डोळे मिटून बोट फिरवले तरी पायरी लागू नये.

एवढे झाल्यावर पत्रा साफ वाटतो, आणि बहुतेक कारागीर इथेच प्रायमरचा डबा उघडतात. त्याआधी टॉर्चचा उजेड तिरका पाडून जवळून पाहावे. चकचकीत पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतील. हे खड्डे होत. काळा दिसतो तो आत दडपलेला गंज आणि मीठ त्याच्याही खाली असते. जाड सुईने एकेक ठिपका उकरावा, गोड्या पाण्यात बुडवलेल्या ताठ केसांच्या ब्रशाने ती जागा घासावी, स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्यावे आणि दर वेळी ताजे पाणी घेऊन हे तीन-चार वेळा करावे. मग पत्रा पुन्हा ओला करून आपोआप वाळू द्यावा. वाळताना नेमक्या त्या ठिपक्यांच्या जागी नारिंगी टिकल्या उमटल्या तर मीठ अजून शिल्लक आहे असे समजून परत धुवावे. सगळीकडे सारखीच फिकट तपकिरी झाक आली तर घाबरू नये. ती नुसत्या ओलाव्याची असते आणि १२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवला की जाते. यानंतर हीट गनने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने पत्रा कोमट होईपर्यंत वाळवावा. या साऱ्या प्रकाराला घासण्याहून अधिक वेळ लागतो, पण दुरुस्ती टिकणार की नाही हे इथेच ठरते.

मेहुण्यांनी सुचवलेले औषध निरुपयोगी नाही, मात्र त्याचे काम मर्यादित आहे. अशा औषधांत टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असते. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळा थर तयार करते, तर फॉस्फोरिक आम्लाने लोहाचे फॉस्फेट बनते. हे औषध चिकटून बसलेल्या पातळ गंजावर चालते. सुटलेल्या खवल्यांवर लावले तर खवल्याचा वरचा भाग तेवढा काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. मीठ तर ते काढतच नाही. म्हणून सुईनेही न निघणाऱ्या खड्ड्यांपुरतेच ते वापरावे. आणखी एक गोष्ट म्हणजे पुष्कळ इपॉक्सी प्रायमर आम्लाच्या अवशेषावर नीट धरत नाहीत, तेव्हा औषध आणि प्रायमर एकाच कंपनीचे घ्यावेत आणि धुवायचे की नाही हे डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाळावे. हिरड्यात टॅनिन भरपूर असते हे खरे असले तरी हिरड्याचा काढा करून ट्रकला लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता प्रायमर. रेड ऑक्साइडमधली लाल भुकटी हीदेखील लोखंडाचे ऑक्साइडच असते. ती निरुपद्रवी आहे, पण एका डब्यातल्या साध्या रेड ऑक्साइडचा थर ओल पुरेशी अडवत नाही. जिन्याच्या कठड्याला ते ठीक. किनाऱ्यावर चालणाऱ्या गाडीच्या उघड्या पत्र्याला मात्र हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमरच द्यावा, तोही दोन हात, आणि दोन हातांमधले अंतर डब्यावर दिलेले पाळावे. लहान डागाला तो ब्रशाने लावला तरी चालतो. वेळ निवडताना वाऱ्याकडे लक्ष द्यावे. पहाटे पत्र्यावर दव असते आणि दुपारकडे खारे वारे जोर धरतात, म्हणून दव पूर्ण वाळल्यावर सकाळीच घासायला घ्यावे व वारा वाढण्यापूर्वी पहिला हात देऊन मोकळे व्हावे. गाडी समुद्राच्या बाजूने भिंतीचा किंवा शेडचा आडोसा मिळेल अशी उभी करावी. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी अधिक असावे आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा रंगकामाचा सर्वसाधारण दंडक आहे. एका सकाळी जेवढे डाग बंद होतील तेवढेच उघडावेत. आपल्याकडे या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्याच्या चिकट हवेतही ते करता येते, पण आंब्याच्या फेऱ्यांमधून सलग सकाळ मिळणार असेल तरच हात घालावा.

खड्डे भरण्यासाठी लांबी लावायची ती प्रायमरच्या वर, उघड्या पत्र्यावर नव्हे. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. पाणी पेपरचा उपयोग त्यावर प्रायमर सरफेसरचा (बारीक ओरखडे बुजवणाऱ्या प्रायमरचा) थर बसल्यानंतर, ४०० नंबरने करावा. वरचा रंग देण्याआधी जुना रंग कोणता हे थिनरच्या फडक्याने एका कोपऱ्यात घासून पाहावे. रंग लगेच फडक्यावर उतरला किंवा सुरकुतला तर तो एका डब्याचा साधा रंग आहे आणि त्याच्यावर जहाल थिनरचा रंग मारल्यास तो कडेने उचलला जाईल. रंगछटा जुळवण्यासाठी डिझेल टाकीचे झाकण रंगाच्या दुकानात न्यावे, असे सांगतात. परंतु ते केबिनच्या रंगाचे असेल तरच त्याचा उपयोग, एरवी केबिनचाच एखादा सुटा भाग दाखवावा, कारण उन्हाने विटलेला रंग नुसत्या रंगाच्या क्रमांकावरून जुळत नाही. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारायचा असेल तर ते काम पेंटरकडे सोपवावे. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फवाऱ्यातून फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

दरवाजांच्या खालच्या कडेचा गंज बाहेरून सुरू झालेला नसतो. काच खाली-वर करताना आत गेलेले पाणी बाहेर पडावे म्हणून दरवाजाच्या तळाला भोके ठेवलेली असतात आणि चिऱ्यांची लाल माती त्यांत घट्ट बसते. भोके बंद झाली की पाणी आत तुंबते. म्हणून बाहेरून हात लावण्यापूर्वी बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या काडीने भोके मोकळी करावीत, आतले कव्हर काढून माती गोड्या पाण्याने धुऊन काढावी, दरवाजा दोन दिवस उघडा ठेवून वाळवावा, आणि बाहेरचे काम संपल्यावर आतल्या कडेला पोकळीत मारायचे गंजरोधक मेण फवारावे. ते मेण भोकांवर साचू देऊ नये, एवढे पाहावे.

काचेच्या रबराखालचा डाग मात्र घरी करू नये. काच काढल्याशिवाय तिथे किती गंज आहे हे कळत नाही, आणि रबर उचकटून चाकूने खरवडल्यास काच जाते ती जातेच, पत्र्यावर नवे ओरखडेही पडतात. काच बसवणाऱ्या कारागिराला बोलावून ती उतरवावी, चौकटीचे काम वर सांगितल्याप्रमाणे करून घ्यावे आणि जुने कडक झालेले रबर परत न बसवता नवे घ्यावे. तोवर गळती थांबवण्यासाठी वरून सिलिकॉन भरण्याचा मोह होईल. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि पत्र्याला गंजच आणते, तेव्हा ते अजिबात वापरू नये.

प्रश्न : आमच्या मासळीच्या गाडीच्या हौद्यात लोखंडी आडव्या पट्ट्यांवर ॲल्युमिनियमचा नक्षीचा पत्रा रिव्हेटने बसवला आहे. आता रिव्हेटभोवती पांढरी भुकटी येते आणि फाळक्याजवळच्या पट्ट्यांना गंज चढला आहे. पत्रा हलक्या प्रतीचा निघाला का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : पत्र्याला दोष देता येणार नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी आले की त्यांची एक विद्युतघटमालाच तयार होते, आणि तीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या आधी झिजते. पांढरी भुकटी ही त्या झिजलेल्या ॲल्युमिनियमची आहे. मासळीच्या बर्फाचे वितळलेले पाणी खारट असते आणि ते पत्र्याखाली साचून वाळायला जागाच मिळत नाही, त्यामुळे लोखंडी पट्ट्याही गंजातून सुटत नाहीत. पत्रा उचलून पट्ट्या साफ कराव्यात, गोड्या पाण्याने धुऊन इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा, आणि परत बसवताना दोन्ही धातूंमध्ये रबराची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घालावी. रिव्हेटऐवजी स्टेनलेस बोल्ट घेतल्यास त्यांना नायलॉनचे वायसर आणि बाही हवी. कडा पॉलियुरेथेन सीलंटने बंद कराव्यात. याहून महत्त्वाचे म्हणजे हौद्याला उतार देऊन पाणी नळीने एका ठिकाणी काढावे आणि ती नळी चासी, बॅटरीची पेटी व ब्रेकचे पाइप यांच्यापासून दूर असलेल्या टाकीत सोडावी. रस्त्यावर सांडणारे ते पाणी मागच्या दुचाकीवाल्यालाही घसरवते.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी ट्रकच्या खालच्या बाजूला जळके ऑइल फवारण्याची पद्धत आहे. त्याने गंज थांबतो का?
– एक चालक, अलिबाग

उत्तर : काही दिवस पाणी अडते, यापलीकडे फायदा नाही. जळके ऑइल पावसात धुपून जाते, रबरी बुश आणि होज फुगवते, ब्रेकच्या लाइनरवर उडाले तर गाडी थांबत नाही, आणि शेवटी ते शेतात किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) जाते. गंजावर डांबरी काळा लेप मारणे हेही तितकेच वाईट, कारण लेपाच्या आत ओल कोंडली जाते. खालची बाजू आठवड्याला एकदा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे आणि पूर्ण वाळलेल्या, गंज काढलेल्या भागावर मेणाचा गंजरोधक लेप देणे हा उपाय अधिक खर्चाचाही नाही. चासीचा क्रमांक जिथे कोरलेला आहे तिथे घासू नये आणि जाड लेपही देऊ नये. फिटनेसच्या वेळी तो वाचता यावा लागतो, आणि आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ही तपासणी दरवर्षी असते.

प्रश्न : किनाऱ्यावर चाललेला जुना ट्रक विकत घेत आहे. सगळी केबिन नुकतीच रंगवलेली आहे. रंगाखाली काय आहे हे कसे ओळखावे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताजा रंग हे विकणाऱ्याचे नेहमीचे साधन असले तरी प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असतेच असे नाही. एका लहान चुंबकावर पातळ फडके गुंडाळून ते दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरची कमान आणि पायदानाजवळचा पत्रा यांवरून फिरवावे. चुंबकाची ओढ जिथे एकदम ढिली पडते तिथे लांबीचा जाड थर आहे. मात्र फायबरच्या भागावर चुंबक मुळातच लागत नाही, म्हणून कोणते भाग फायबरचे आहेत ते आधी विचारावे. बोटाच्या पेराने ठोकल्यास लांबी भरलेला पत्रा बद्द वाजतो. रबराच्या कडांवर, दिव्यांच्या काचांवर आणि परावर्तक पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे असतील तर घाईचा रंग समजावा, आणि घाईच्या रंगाखाली गंज काढलेला असण्याची शक्यता कमीच.

केबिनमधले मॅट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा. बाहेरून चकचकीत असलेल्या गाड्यांचे पाय ठेवण्याचे पत्रे ओल्या मॅटखाली कुजलेले आढळतात. सीटबेल्ट ज्या जागी अडकवला आहे ती जागा, केबिन चासीवर टेकते ते आधार आणि पायदानाचे बोल्ट यांच्या मुळाशी खवले सुटत असतील तर किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी सौदा सोडावा, कारण तिथला गंज हा रंगाचा खर्च नसून केबिनच्या मजबुतीचा प्रश्न आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात (आरसी) नोंदलेला रंग आणि गाडीचा रंग एकच आहे ना हेही पाहावे. रंग बदललेला असून त्याची आरटीओकडे नोंद नसेल तर नाव चढवताना खोळंबा होतो. शक्य असल्यास गाडी खंडेनवमीच्या सुमारास पाहावी. पावसाळा नुकताच सरलेला असतो, पूजेसाठी गाडी धुऊन पुसून उभी असते, आणि रंगाखाली जे काही दडवले असेल ते चार महिन्यांच्या पावसाने बहुधा वर आणलेले असते.